रथबंधनाचे फळ

“मॅडम, विष्णूचं देऊळ आता फक्त बावीस मैल,” श्रीरंग डोणगावकरने आरशातून माझ्याकडे पाहत जाहीर केले. आवाजात असा भाव होता, की देऊळ त्यानेच बांधून घेतले आहे आणि आज फक्त कळस बसवायचा राहिला आहे.

मी खिडकीबाहेर पाहत होते. दोन्ही बाजूंना खुरटी, वाकलेली झाडे आणि मध्ये सरळ, निर्विकार रस्ता. पुढच्या सीटवर श्रीरंगची बायको मेधा एका हाताने पोट सांभाळत बसली होती. पाचवा महिना होता. मागे मी, आणि माझ्याशेजारी श्रीरंगची आई सुभद्राबाई. त्यांच्या मांडीवर एक स्टीलचा डबा होता. त्यात फीनिक्समधल्या बाल्कनीतल्या कुंडीतून खुडलेल्या तुळशीचा एक बारीकसा हार होता. पायाशी एक नारळ होता. प्रत्येक वळणावर तो माझ्या चपलेवर येऊन आदळे आणि पुढच्या वळणावर परत जाई. त्या गाडीत माझ्या मनाची अवस्था नेमकी ओळखणारा तो एकटाच होता.

“चौथ्यांदा सांगितलंस रंगा,” सुभद्राबाई म्हणाल्या. “देऊळ कुठं पळून नाही चाललं.”

“तसं नाही आई. उत्सुकता वाढवून राहिलो.”

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते आणि क्षेत्रमाहात्म्ये हा माझा विषय होता. ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्या देशात असे एकही तळे, टेकडी किंवा चिंचेचे झाड नाही ज्याचे माहात्म्य कोणीतरी, केव्हातरी संस्कृतात रचलेले नाही. गावातला एखादा भिक्षुक पन्नास श्लोक जुळवतो, इथे स्नान केल्यास काय मिळते आणि न केल्यास कोणत्या नरकात जावे लागते ते सांगतो, आणि शेवटी एखाद्या महापुराणाचे नाव चिकटवून मोकळा होतो. पुराण इतके मोठे असते की त्यात ते श्लोक खरोखर आहेत का, हे पाहायला कोणी जात नाही. मी जात असे. तीस वर्षे मी तेच केले. कोणता श्लोक मूळचा आणि कोणता मागाहून घुसडलेला, म्हणजे आमच्या भाषेत प्रक्षिप्त, हे ठरवणे हा माझा व्यवसाय होता. त्यात मी चांगली होते. इतकी चांगली, की सहकारी मला भीत, आणि त्या भीतीलाच मी आदर समजत असे.

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पुराणांवर परिषद होती. मी चौदा श्रोत्यांसमोर निबंध वाचला. त्यांपैकी तिघे जागे होते. मग फीनिक्सच्या मराठी मंडळींनी व्याख्यानाला बोलावले. तिथे साबुदाण्याची खिचडी आणि बटाटेवडे यांच्या मधल्या तासाभरात मी माहात्म्ये कशी रचली जातात ते समजावून सांगितले. टाळ्या भरपूर पडल्या. व्याख्यान संपल्यावर मंडळाचा सांस्कृतिक सचिव धावत पुढे आला. तोच हा श्रीरंग. संगणकाच्या चिपा बनवणाऱ्या एका कंपनीत तो मोठ्या पदावर होता.

“मॅडम, अप्रतिम. म्हणजे अजून न सापडलेली माहात्म्यंही असतीलच ना?”

माझ्या एका तासाच्या प्रतिपादनाचा याहून संपूर्ण पराभव मला आजवर भेटलेला नाही.

मग त्याने नकाशा काढला. ग्रँड कॅन्यनमध्ये, नदीच्या पलीकडे, एक प्रचंड शिखर आहे. त्याचे अधिकृत नाव ‘विष्णू टेम्पल’. शेजारी ब्रह्मा, थोड्या अंतरावर शिव, बुद्ध, झरतुष्ट्र. हे खरे आहे. नकाशात ही नावे आजही आहेत. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पाहणीसाठी आलेल्या एका अमेरिकन भूवैज्ञानिकाला त्या शिखरांच्या आकारात पूर्वेकडची देवळे दिसली. पूर्वेकडच्या धर्मांविषयी तेव्हा तिकडे हौस होती, आणि हौस असली की नावे सुचतात. ज्यांचे पूर्वज त्या दरीत शेकडो वर्षे नांदले, त्यांना कोणी विचारले नाही. त्या शिखरावर कोणी कधी पणती लावली नव्हती.

हे सगळे मी श्रीरंगला सकाळी न्याहारीच्या टेबलावर सांगितले होते. त्याने पोह्यांवर लिंबू पिळत ऐकून घेतले.

“पण मॅडम, त्याला नेमकं विष्णूच का सुचलं?”

“त्याला झरतुष्ट्रही सुचला. पारशीही इथे येत असत का?”

“व्यापार!” श्रीरंग म्हणाला. “येत असतील की.”

यावर मी चहा प्यायले.

*

वाटेत एका पेट्रोल पंपावर थांबलो. श्रीरंग पेट्रोल भरत होता. मेधा आत स्वच्छतागृहाकडे गेली. सुभद्राबाईंनी माझ्या कोपराला हात लावला आणि मला बाजूच्या लाकडी बाकाकडे नेले. अंगाने किरकोळ, नऊवारी, वर मुलाचे राखाडी जाकीट. त्याच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. बसण्यापूर्वी त्यांनी बाक पदराने पुसला. माझ्या बाजूचाही.

“बाई, घाई करून बोलते, तो येईल,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला मेहकर माहीत आहे?”

“शारंगधराचं देऊळ.”

त्यांचा चेहरा असा उजळला की मी क्षणभर दुसरीकडे पाहिले.

“त्याच्याच मागच्या गल्लीत मी राहते. दोन खोल्या. चातुर्मासात देवळात पोथी सांगते. एकेचाळीस वर्षं झाली. अकरा बायका येतात. दोघी गेल्या, तर त्यांच्या सुना येतात. एकवीस तारखेचं माझं विमान आहे. आषाढीच्या आधी मी घरी.”

“मग?”

“मग काय. रंगा म्हणतो राहा. मेधाचं बाळंतपण आहे, पुढं मूल आहे. व्हिसा वाढवायचा कागद त्यानं भरून ठेवला. सहीच राहिली फक्त.” त्यांनी पंपाकडे एक नजर टाकली. “मी आई आहे. सून पोटुशी. मी नाही कशी म्हणू? तर मी म्हणाले, बाबा, जिथं नारायणाचं देऊळ नाही तिथं मी चातुर्मास करत नाही. माझा नेम आहे. मला वाटलं, सुटले. तर त्यानं नकाशावर देऊळ काढलं.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

“मी म्हणाले, नकाशावरचं मी मानत नाही. तर म्हणतो, पुण्याच्या पंडिता येऊन राहिल्या, त्यांना विचारू. मी होकार दिला. त्या म्हणतील ते मला मान्य, असं बोलून गेले मी. दोघांच्या समोर.” त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात कोरडा आणि गार होता. “तो तुम्हाला तिथं विचारेल. तुम्ही नाही म्हणा. तेवढंच करा. मोठ्यानं म्हणा. मी म्हणाले तर आईनं टाकलं असं होतं. तुम्ही म्हणालात तर शास्त्र म्हणालं. मग कोणाला कोणाचा राग नाही.”

“पण तुम्हाला इथे करमत नाही का? मुलगा चांगला दिसतो.”

“चांगलाच आहे हो. जीव लावतो.” त्यांनी जाकिटाची बाही मागे सारली. “तिथं अकरा जणी माझी वाट पाहतात बाई. इथं वाट कोणी पाहत नाही. इथं माझी गरज आहे. ते वेगळं.”

मेधा दारातून बाहेर येत होती.

“काळजी करू नका, काकू,” मी म्हणाले. “मी बघते.”

मी बघते! हे दोन शब्द मी ज्या आत्मविश्वासाने उच्चारले, तो आठवला की आजही माझी बोटे लेखणीवर घट्ट होतात.

*

शिखर जिथून दिसते त्या दर्शनस्थळी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. गाड्या लावायची जागा कड्यापासून शंभर पावलांवर होती. माणसे गाडीतून उतरत, कठड्यापर्यंत चालत, ‘ओह’ म्हणत, पाठ दरीकडे करून छायाचित्र काढून घेत आणि परत गाडीत बसत. काही तर गाडीचे इंजिन चालूच ठेवत. पृथ्वीने कोट्यवधी वर्षे खपून कोरलेल्या एका गोष्टीला मनुष्यजातीने दिलेला वेळ मी घड्याळ लावून मोजला. एका कुटुंबाने चार मिनिटे दिली, आणि त्यातले एक मिनिट आइसक्रीम सांभाळण्यात गेले.

श्रीरंगने मात्र पार्किंगमध्येच तीन फेऱ्या मारल्या. त्याला सावलीची जागा हवी होती. एका झाडाखाली जागा सापडली तेव्हा तो “हरि ओम” म्हणाला.

मग नारळ. तो कठड्यावर फोडायचा असे त्याचे म्हणणे होते. हे राष्ट्रीय उद्यान आहे, इथे दगड उचलायलासुद्धा मनाई आहे, असे मी सांगितले. त्याने विचार केला आणि परत जाऊन तो गाडीच्या पुढच्या चाकाजवळ, सिमेंटच्या कडेवर फोडला. पाणी डांबरावर सांडले. शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्या गोऱ्या जोडप्याने काच वर केली.

आम्ही कठड्याशी आलो. खाली काय होते याचे वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते नको आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना ते पुरणार नाही. समोर, दूर, तांबड्या थरांवर थर चढत गेलेले ते शिखर होते. अंगठ्याएवढे दिसत होते. पण खरोखर, ज्याने एकदाही कळसाचे दर्शन घेतले आहे अशा माणसाला ते पाहून क्षणभर हात जोडावेसे वाटतील, असे होते. मला वाटले नाही. मी तो मोह फार वर्षांपूर्वी मोडून काढला होता.

“ते बघ आई!” श्रीरंग ओरडला. “गोपुर! शिखर! तो बघ सभामंडप!”

सुभद्राबाईंनी डोळ्यांवर आडवा हात धरला. “लांब आहे,” त्या म्हणाल्या.

“लांबून कळस दिसला तरी दर्शन होतं. तूच सांगतेस ना, गर्दी असली की बाया वेशीतून हात जोडतात?”

“ते खरं.”

“मग?” त्याने खांद्यावरचा व्हिडिओ कॅमेरा काढला, टोपण उघडले आणि माझ्यावर रोखला. लाल दिवा लागला. “मॅडम, आता तुम्ही सांगा. शास्त्र काय म्हणतं? आईसमोर सांगा. हे क्षेत्र आहे की नाही?”

मेधा एका दगडावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि लगेच मान खाली घातली. ती घाबरलेली होती. आपल्याला परक्या देशात एकटीने बाळंत व्हावे लागेल याची भीती मला तिच्या तोंडावर स्पष्ट दिसली, आणि मी ती ‘प्रसंगाशी असंबद्ध’ या वर्गात टाकून दिली.

सुभद्राबाई माझ्याकडे पाहत होत्या. पदराचे टोक त्यांनी मुठीत घट्ट धरले होते.

नाही. दोन अक्षरे. लहान मुलालाही येतात. मी तोंड उघडले आणि माझी नजर श्रीरंगच्या चेहऱ्यावर गेली. तो तुकतुकीत, समाधानी, उत्तर आधीच मिळालेला चेहरा. सकाळपासून त्या चेहऱ्याने मला छळले होते. तीस वर्षे ज्या अज्ञानाशी मी झुंजले, ते माझ्यासमोर कॅमेरा घेऊन उभे होते आणि त्याच्या खिशात गाडीची किल्ली होती. याला नुसते ‘नाही’ म्हणणे मला फार स्वस्त वाटले. याला असे काहीतरी द्यायला हवे होते, की घरी जाऊन विचार करताना केव्हातरी त्याला कळावे की आपली चामडी सोलली गेली आहे.

“या क्षेत्राचे माहात्म्य आहे,” मी म्हणाले. “अर्थातच आहे. ऐका.”

आणि मी रचत गेले. मला ते सोपे होते. हजारो प्रक्षिप्त श्लोक वाचून वाचून त्यांची चाल माझ्या रक्तात भिनली होती. नारदाने प्रश्न विचारला, सूताने उत्तर दिले, पाताळाइतक्या खोल दरीचे वर्णन झाले. तिसऱ्या श्लोकाला मी रंगात आले:

विष्णोः शैलमयं सद्म ये पश्यन्ति रथस्थिताः ।
गोशतस्य फलं तेषां छायायां रथबन्धनात् ॥

चौथ्यात, जो इंजिन बंद न करता दर्शन घेतो तो सात जन्म सरड्याचा देह पावतो असे सांगून मी समाप्ती केली आणि एका महापुराणाचे नाव जोडले. आवाज मी पठणाचा लावला होता. दरीत तो बरा घुमत असावा, कारण दोन पर्यटक थांबले आणि एकाने टोपी काढली.

“वा!” श्रीरंगचे डोळे भरून आले होते. “मॅडम, अर्थ?”

मी अर्थ सांगितला, एकेक शब्द चघळत. “जे लोक रथात बसून विष्णूचे हे दगडी घर पाहतात, त्यांना शंभर गाई दान केल्याचे पुण्य लाभते. अट एकच. रथ सावलीत बांधला पाहिजे.”

मेधाने मान वर केली. “पुराणात पार्किंग?” ती म्हणाली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आले होते.

“रथबंधन, अगं!” श्रीरंग तिच्यावर खेकसला. “रथ म्हणजे वाहन. आपण झाडाखाली लावली ना गाडी? उगाच नाही मला तीन फेऱ्या माराव्याशा वाटल्या!”

तिचे हसू विझले. कळले होते ते तिने गिळले. तिला ते गिळणे सोयीचे होते, आणि मी तिला त्याबद्दल मनातल्या मनात कमी गुण दिले.

“म्हणजे क्षेत्र आहे ना, मॅडम? कॅमेऱ्यात सांगा.”

“इतर क्षेत्रांची माहात्म्ये जितकी खरी आहेत,” मी म्हणाले, “तितकेच हेही खरे आहे.”

हे वाक्य मला तेव्हा फार आवडले. शास्त्रदृष्ट्या त्यात एकही चूक नव्हती.

सुभद्राबाई एक पाऊल पुढे आल्या. कॅमेऱ्याकडे त्यांचे लक्ष नव्हते.

“बाई,” त्या म्हणाल्या, “मला एवढं कळत नाही. साधं सांगा. आहे की नाही?”

मी त्यांच्याकडे पाहून हसले. ते हसू संकेताचे होते. आपण दोघी शहाण्या, हा मूर्ख, असा त्याचा अर्थ. तो त्यांनी ओळखायलाच हवा असे मी गृहीत धरले होते. आणि त्यांनी ओळखला नाही, तर दोष ओळखणाऱ्याचा. समजावून सांगावा लागणारा उपरोध हा माझ्या लेखी विटाळलेला होता.

“काकू, आता ऐकलंतच की,” मी म्हणाले.

मग मुठीतले पदराचे टोक त्यांनी सोडले, ते चुरगळलेले टोक तळहाताने सरळ केले आणि खांद्यावरून घेतले. डब्यातला हार काढला. तो कुठे घालायचा हे त्यांना कळेना. शेवटी लोखंडी कठड्याला त्यांनी तो गुंडाळला आणि समोरच्या शिखराला हात जोडले.

“रंगा,” त्या म्हणाल्या, “पेन आण.”

कागद गाडीच्या कप्प्यात तयार होता. तो बॉनेटवर ठेवून, वर नारळाचे एक भकल वजन म्हणून ठेवून, त्यांनी सही केली. वळणदार, एकेक अक्षर सुटे. मी दहा पावलांवर उभी होते. दहा पावले. त्या झाडाची सावली माझ्यापर्यंत येत होती. ‘थांबा, मी थट्टा करत होते’ एवढे म्हणायला लागणारा वेळ मी नंतर अनेकदा मोजला आहे. तीन सेकंद पुरतात. पण ते म्हणजे पुण्याच्या एका विदुषीने गाडीच्या बॉनेटसमोर, एका चिप बनवणाऱ्या माणसाला, आपण विनोद केला होता अशी कबुली देणे. कॅमेरा अजून चालू होता.

मी दरीकडे पाहिले. तिथे पाहण्यासारखे पुष्कळ होते.

*

परतीच्या वाटेवर श्रीरंग गात होता. मेधा झोपली. नारळ नव्हता, त्यामुळे माझ्या पायाला काही लागत नव्हते.

पंधरा-वीस मैल गेल्यावर सुभद्राबाई हळूच म्हणाल्या, “बाई, ते पुन्हा म्हणता का?”

“काय?”

“माहात्म्य. पाठ करते.”

“काकू, ते तसं…” मी खालच्या आवाजात सुरुवात केली. “ते तुम्ही मनावर घेऊ नका.”

“आता मनावर घेतलंच पाहिजे की,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उत्तर दिले असते. रागाला उत्तर देण्यात मी निष्णात होते. “चार महिने इथं काढायचे. रोज काहीतरी म्हणायला लागेल ना. इथलं म्हणून एवढंच तर आहे. म्हणा.”

मी म्हटले. पहिल्यांदा चार श्लोक, मग दोन दोन ओळी, मग एकेक. त्या ओठ हलवत मागून म्हणत होत्या. उच्चार स्वच्छ होते. पोथी सांगणाऱ्या बाईचे. फीनिक्स येईपर्यंत चारही श्लोक त्यांना आले. छायायां रथबन्धनात्. त्या शब्दापाशी त्या एकदाही हसल्या नाहीत, आणि माझी चूक दुरुस्त करायला मला गाडीत साडेतीन तास मिळाले होते हे मी इथे नोंदवते.

उतरताना त्यांनी माझा हात धरला. “तुमचा आवाज चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “पोथीला बरा.”

मी पुण्याला आले आणि ही हकिगत मित्रमंडळींत एक किस्सा म्हणून सांगू लागले. सरड्यापाशी लोक हमखास हसत. सहीचा भाग मी गाळत असे. संपादन हा माझा व्यवसायच होता.

*

गेल्या वर्षी एका विद्यापीठाने माझ्याकडे एक प्रबंध परीक्षणासाठी पाठवला. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, अजूनही पाठवतात. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतले धार्मिक आचार, असा विषय. काम प्रामाणिक होते. दोनशे अकराव्या पानावर ग्रँड कॅन्यन होता.

फीनिक्सची मराठी मंडळी दरवर्षी आषाढीला गाड्या घेऊन त्या दर्शनस्थळी जातात, असे तिथे लिहिले होते. सावलीतली जागा मिळावी म्हणून पहाटेच निघतात. इंजिन बंद करून, कठड्याशी उभे राहून एक माहात्म्य म्हणतात. परिशिष्टात ते दिले होते. चारही श्लोक. एका मात्रेचाही फरक नव्हता. पन्नास वर्षांत मी इतकी शुद्ध पाठपरंपरा पाहिली नव्हती.

खाली माहिती देणारीचे नाव होते: मेधा डोणगावकर. तिचे म्हणणे संशोधिकेने जसेच्या तसे उतरवले होते.

“हे सासूबाईंनी शिकवलं. त्या बाळंतपणासाठी राहिल्या. मग लगेच दुसरं झालं, मग गुडघे गेले, मग ग्रीन कार्ड झालं. दर उन्हाळ्यात जायचं ठरायचं. तेरा वर्षं राहिल्या, इथंच गेल्या. रोज संध्याकाळी बाल्कनीत बसून म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, आई, कॅन्यन उत्तरेला, तुम्ही तोंड करून बसता विमानतळाकडे. तर म्हणाल्या, असू दे, विमान दिसतं.”

त्याखाली आणखी काही ओळी होत्या. संशोधिकेची टीप अशी: ‘चार संस्कृत श्लोकांनंतर माहितीदार एक मराठी ओवी म्हणतात. भाषा आणि छंद पाहता ती उघडच मागाहून जोडलेली, म्हणजे प्रक्षिप्त असावी. मूळ माहात्म्य कोणत्या पुराणातील हे शोधूनही सापडले नाही. परीक्षकांनी मार्गदर्शन करावे.’

ओवी अशी होती:

डोळ्यांनी पाहिला कळस ।
पायांची राहिली हौस ।
नारायणा, एक दिवस ।
माघारी ने ॥

मी चष्मा पुसला. काच स्वच्छच होती.

परीक्षकाचा अहवाल टंकलेखनाने देण्याची पद्धत आहे. मी तो हाताने लिहिला. प्रबंध स्वीकारावा, अशी शिफारस केली. मग दोनशे अकराव्या पानाविषयीच्या रकान्यात आले. हे माहात्म्य पुराणात आहे का, हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारण्यात आला होता. या वेळी कॅमेरा नव्हता, आणि माझा हात धरून ‘नाही म्हणा’ असे सांगणारे कोणी नव्हते.

मी लिहिले: ‘नाही.’

त्याखाली लिहिले: ‘संस्कृत श्लोक क्रमांक एक ते चार प्रक्षिप्त. रचना प्रस्तुत परीक्षकाची, काळ १९९९, जून, हेतू उपहास. ते गाळावेत. मूळ आणि अस्सल पाठ फक्त शेवटची ओवी. कर्त्रीचे नाव सुभद्राबाई डोणगावकर, राहणार मेहकर.’